लांब फेक

पहिल्या ठोशाला हर्शेल खुर्चीसकट आडवा झाला. तो उठतोय तोच दुसरा बसला आणि त्याचा दात ओटिस न्हाव्याच्या फरशीवर, कापलेल्या केसांत जाऊन पडला. तिसऱ्यासाठी वेंडलने हात उगारला तेव्हा ओटिसने त्याला मागून मिठी घातली.

टेक्सासमधल्या त्या गावात शुक्रवारी शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना व्हायचा आणि शनिवारी सकाळी ओटिसच्या दुकानात त्याची चिरफाड. काल संघ पुन्हा हरला होता. चेंडू पोटाशी धरायचा, समोरच्या धटिंगणांत घुसायचं आणि दोन हात पुढे सरकून पडायचं, हाच कोच प्रुइटचा तीन वर्षांचा खाक्या. वेंडलचा मुलगा कोल्टन संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी. पण त्याला लांब फेकायला कोच कधी सांगेल तर शपथ! वेंडलने दुकानात पाऊल टाकल्याबरोबर कोचच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढच्या शुक्रवारी कॉलेजचा माणूस पोराला बघायला येणार होता. लांब फेक दिसली तर शिष्यवृत्ती, नाहीतर बापासारखा जन्मभर तेलविहिरीवर घाम गाळायचा.

तेव्हा हर्शेल बोलला होता, "कोचला कशाला शिव्या घालतोस? तुझं पोरगंच तसलं. कुणी हात उगारून अंगावर आला की चेंडू टाकतं न् डोकं झाकतं. कोंबडीचं काळीज!"

त्यावरच पहिला ठोसा पडला.

"सोड, ओटिस! थेरड्याच्या तोंडात एक दात ठेवत नाही बघ!"

"हर्शेल खरं बोलतोय."

आवाज पलीकडच्या खुर्चीतून आला. तोंडावरचा गरम टॉवेल काढून कोच प्रुइट उठून बसला. मघापासूनच्या सगळ्या शिव्या त्याने त्या टॉवेलखाली मुकाट गिळल्या होत्या.

"पोर भित्रं नाही, वेंडल. बरगडी मोडली तरी हूं की चूं केलं नाही त्यानं. पण उगारलेला हात दिसला की त्याचं काहीतरी होतं. लांब फेकायचं तर समोरचे अंगावर येईपर्यंत उभं राहावं लागतं. ते मी त्याला करायला लावणार नाही. गावाच्या शिव्या खाईन."

वेंडलने साबणाचं भांडं आरशावर भिरकावलं. आरसा खळकन फुटला.

"पोरगं माझं आहे! तुला काय कळतंय त्याच्यातलं?"

गाडी सुसाट सोडून तो घरी निघाला. त्याच्या घरात लाड कधी नव्हतेच. बापाने त्याला ताठ उभं राहायला शिकवलं होतं, तसंच त्याने कोल्टनला शिकवलं. असल्या घरातलं पोरगं भ्यायचं म्हणजे काय?

घरामागे कोल्टन एकटाच सराव करत होता. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, झाडाला टांगलेला टायर झुलत होता. पोराने हात मागे नेला, चेंडू फेकला. सुईत दोरा ओवावा तसा तो टायरमधून आरपार गेला. दुसरा गेला. तिसराही गेला.

वेंडल बघतच राहिला. काय हात आहे पोराचा! आणि तो गाढव कोच म्हणे त्याला फेकू देत नाही! राग कुठल्या कुठे पळाला, डोळे भरून आले. आपल्या पोराची पाठ थोपटावी असं आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

"कोल्ट!" हाक मारत तो धावत सुटला. जवळ पोचता पोचता त्याने हात वर उचलला. सुजलेला, हर्शेलच्या रक्ताने माखलेला हात.

कोल्टन वळला. चेंडू त्याच्या हातातून गळून पडला. तो सहा फुटी गडी दोन्ही कोपरांत डोकं खुपसून मटकन खाली बसला.

"माझं काय चुकलं, डॅडी?"