ओटीचा नारळ

गठ्ठ्यातला सगळ्यात देखणा, गुलबक्षी खण मी लेकीसाठी बाजूला काढून ठेवला होता. उद्या सासरी तिचं डोहाळजेवण. आईचंच ओटीच्या सामानाचं दुकान असताना ती आणखी कुठे जाणार?

दुकानाला परवाच वर्ष झालं. या वर्षात मी पुष्कळ शिकले. नवरात्राच्या महिनाभर आधी माल भरायचा, हळकुंडं दमट जागी ठेवायची नाहीत, नारळ कानाशी हलवायचा आणि पाणी वाजलं तरच घ्यायचा. श्रावणात हे गेले. तेरावं झाल्यावर मी दुकान पुन्हा उघडलं, तर नेहमीच्या बायका माझी विचारपूस करून समोरच्या दुकानात जाऊ लागल्या. विधवेच्या हातचं ओटीचं सामान नको, असं तोंडावर एकीनेही म्हटलं नाही. मला आपलं वाटलं, मालातच काही खोट असेल. मी खण बदलले, बांगड्या बदलल्या.

संध्याकाळी लेक आली. मी खण पुढे केला, तशी तिने हातातली पिशवी मागे नेली.

"राहू दे आई. सामान घेतलंय मी. सासूबाईंना उगाच..."

पिशवीवर समोरच्या दुकानाचं नाव होतं.

"नारळ बघू," मी म्हटलं. तिने पिशवीतून काढून दिला. कानाशी धरून मी तो दोनदा हलवला. आत काहीच वाजलं नाही. माझ्या मागे फळीवर वीस नारळ होते, एकेक वाजवून घेतलेले.

"चांगला आहे," मी म्हटलं आणि तो परत तिच्या पिशवीत ठेवला.