मिठाचा डोंगर

थर्माकोल कोरून, वर मीठ भुरभुरून त्याने जेवणाच्या टेबलावर बर्फाचा डोंगर उभा केला, झकास फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "घाट ओलांडला की डावीकडे पायवाट. अजून कुणाला पत्ता नाही." मग दाजी गळाला लागायची वाट बघत गालातल्या गालात हसत बसला.

सकाळी ताईचा फोन आला. "तुझे दाजी पहाटेच निघाले रे, छोटीला घेऊन. घाटात वादळ सुटलंय आणि फोन लागत नाहीये. तो डोंगर नक्की कुठे आहे?"

"ताई, असा डोंगरच नाहीये गं. मीठ आहे ते."

"आता तरी थापा मारू नकोस."

त्याने डोंगराला खेटून मिठाची बरणी ठेवली आणि तसाच फोटो पाठवला.

ताईचं उत्तर लगेच आलं. "मॉडेल हुबेहूब जमलंय रे. पण आधी खरा डोंगर कुठे आहे ते सांग."