गुलाबी ठिपका

माणसानं माणसावर विश्वास ठेवला नसता, तर चाकाचा शोध लागूनही माणूस जागच्या जागीच राहिला असता. वळ गावच्या तुळशीरामशेठना हा विचार मनापासून मान्य होता. म्हणूनच तर ते तीन दिवस, सकाळी दहापासून, कामतघर भागात फखरुद्दीनच्या गॅरेजात त्याच्या हातांवरची नजर न काढता बसून होते.

समोर वडिलांची विलायती मोटारसायकल उभी होती. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, आणि वयानं शेठपेक्षा मोठी. वडिलांची सगळी शेतं गोदामांखाली गेली होती. त्यांचं म्हणून उरलं होतं ते एवढंच. तिला दरसालची ट्यूनिंग हवी होती. पण मेव्हणा भूपेश सहज बोलून गेला होता, "दाजी, असल्या गाडीचा ओरिजिनल माल लोक शोधत फिरतात. मिस्त्रीनं आतला काढून डुप्लिकेट बसवला, तर तुम्हाला काय कलनार हाय?"

शेठना कळणार होतं. गाडी इथं आणण्याआधी त्यांनी घरच्या अंगणात दोन्ही कार्ब्युरेटरची टोपणं स्वतः खोलली, आत वर-खाली सरकणाऱ्या स्लाइड बाहेर काढल्या, सुनेच्या नेलपॉलिशनं दोन्हींवर एकेक गुलाबी ठिपका दिला आणि होतं तसं परत बसवलं.

फखरुद्दीन मात्र तीन दिवस काही करतोय असं दिसत नव्हतं. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, सायलेन्सरमागं तळहात धरायचा, मान हलवायचा. चाळीस वर्षं त्यानं ही गाडी नुसत्या कानानं लावली होती, आणि आता शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कान लागत नाही म्हणत होता. जणू लूम काल आले होते. त्याचा हात खिशात गेला की शेठ पुढं झुकायचे. हात सुपारीची पुडी घेऊन बाहेर यायचा.

"घेणार?"

"नको." सुपारीचं तरी काय सांगावं.

आणि लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प झाले. फखरुद्दीन लगबगीनं उठला.

"शेठ, याचीच वाट बघत होतो. मारा किक."

गाडी सुरू झाली. धड चालेना, धड बंद पडेना. फखरुद्दीननं कान टाकीपर्यंत खाली नेला, बराच वेळ तसाच राहिला, आणि गाडी बंद केली.

"एअर ओढतेय. दोन्हीकडून. दिवाळीला मी सोडली तेव्हा ओढत नव्हती."

"जुनी गाडी हाय."

"जुनी आहे म्हणूनच बोलतो. जुन्या गाडीची सवय अशी अचानक बदलत नाही. कुणीतरी आत हात लावलाय."

शेठ सावध झाले. चोरच आधी असं म्हणतो, हे भूपेशनं सांगितलं नव्हतं. पण विचारलं असतं तर नक्की सांगितलं असतं.

"खोल," शेठ म्हणाले. "माझ्यासमोर खोल."

फखरुद्दीननं दोन्ही टोपणं काढली, स्लाइड वर ओढल्या आणि फडक्यानं पुसल्या. शेठ वाकले. एकीवर गुलाबी ठिपका होता. दुसरीवरही होता. शेठचा श्वास मोकळा झाला. इतका, की तीन दिवस फुकट गेल्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

ठिपके फखरुद्दीनलाही दिसले. त्यानं नख लावून पाहिलं.

"नेलपॉलिश," तो म्हणाला.

मग त्यानं डावीकडून काढलेली स्लाइड पुन्हा डावीकडेच सोडली. ती खुळखुळली. तीच उजवीकडे सोडली. आवाज न करता खाली गेली.

"नव्या असतात तेव्हा दोघी सारख्या. साठ वर्षं घासून घासून ही या घराची झाली, ती त्या घराची. कुणीतरी दोन्ही एकदम बाहेर काढल्या आणि डावी उजवीत घातली." त्यानं फडक्याला हात पुसले. "आतलं दिवाळीला मीच बघितलेलं, म्हणून खोललं नाही. मला वाटलं, माझे कान गेले. काल घरी बायकोला सांगून पण टाकलं, आता गॅरेज बंद करतो."

शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये कसली तरी तारीख शोधू लागले.

"परवा भूपेश आलता घरी," ते म्हणाले.

"भूपेशभाई? ते तर टायरात हवा भरायला पण माणूस पाठवतात."

शेठना तारीख सापडेना. फखरुद्दीननं स्लाइड आपापल्या घरी पाठवल्या, टोपणं आवळली.

"ठिपके राहू दिलेत," तो म्हणाला. "पुढच्या वेळी एकीला एक द्या, दुसरीला दोन."

किक बसली. दोन्ही सिलिंडर एका सुरात बोलू लागले, हळू, न अडखळता. फखरुद्दीननं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. काम त्याआधीच झालं होतं.

शेठनी घसा साफ केला. "फखरूभाई, मी काय म्हनतो..."

लाइट आली. गल्लीतले लूम एकामागून एक सुरू झाले आणि शेठचं पुढचं वाक्य त्यात गेलं. लाइट आली नसती तरी ते त्यांना जमलं असतं का, याबद्दल शंका आहे.

फखरुद्दीननं चष्मा काढला, तर एक काडी हातातच आली. त्यानं तोंड शेठच्या कानाशी नेलं.

"शेठ, चष्म्याचा स्क्रू पडलाय इथंच कुठंतरी. तुमची नजर तेज आहे. तेवढा शोधून द्या."