करडं कार्ड

घरच्यांचा फोटो स्क्रीनवर उघडताच दादा वैतागला, “तुझी वहिनी पिवळी दिसतेय! कसला रे फोटोग्राफर तू?” धाकट्याने फोटो काढताना वहिनीच्याच हातात करडं कार्ड दिलं होतं. ते करडं दिसलं की बाकीचे रंग खरे. कार्ड करडंच होतं. दादा सावळा, गरोदर पुतणी गुलाबी. पिवळी फक्त वहिनी, पार डोळ्यांच्या पांढऱ्या भागापर्यंत. त्याने वळून मागे उभ्या वहिनीकडे पाहिलं. दादा फोन घ्यायला बाहेर जाताच वहिनी कुजबुजली, “सगळे डॉक्टर झाले, भाऊजी. आता इलाज नाही. लेकीचं बाळंतपण होऊ दे, मग सांगेन. तोवर तोंडातून ब्रही काढायचा नाही, तुम्हाला माझी शपथ.” दादा परतला. “जमतंय का?” धाकटा मुकाट्याने फोटोतला पिवळेपणा उतरवत गेला. वहिनी उजळली. तिच्याकडेच बघणारा दादा खुलला. तिच्या हातातलं कार्ड मात्र निळं पडलं, आणि भोवतीचं सगळं घरही.