पिवळी रेघ

"पुन्हा सांग," कॅप्टन म्हणाली.

"किती वेळा सांगू, ताई? फोटोवाला गेल्यावर मी पाना घेऊन गाडीशी आलो. नटावर रेघ होती. म्हणून पुढच्या नटाकडे गेलो." ढापण्याचा आवाज बसला होता.

नट आवळला की त्यावर पिवळ्या मार्करने रेघ ओढायची, आणि रेघ दिसली की त्या नटाला पुन्हा हात लावायचा नाही. हा नियम कॅप्टननेच घातला होता, काम दोनदा होऊ नये म्हणून. शर्यतीत तिसऱ्या वळणावर स्टिअरिंगच्या रॉडचा नट निघाला. कॉलेजच्या पोरांनी वर्षभर हाडाची काडं करून बनवलेली गाडी टायरांच्या भिंतीत घुसली. चालवणारी चिमणी मनगट मोडून घरी पडली होती. सापडलेल्या नटावर रेघ ठसठशीत होती.

सर म्हणाले होते, "चुकांतूनच शिकायचं असतं. पण चूक कोणाची, ते लिहून द्या. पाचपर्यंत नाव आलं नाही, तर वर्कशॉपला कुलूप."

बारा जणांपैकी अकरा जणांनी कानांवर हात ठेवले होते. त्या बाजूचं काम बाराव्याचं, ढापण्याचं होतं.

"मग रेघ ओढली कोणी? भुताने?"

"माहीत नाही. मी नाही ओढली." तो खाली बघत राहिला. "चिमणी माझा फोन घेत नाही, ताई. तू तरी विश्वास ठेव."

कॅप्टनचा जीव तुटला. पोरगा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. पण दुसरं नाव आणायचं कुठून? पाचला दहा मिनिटं होती. तिने त्याचं नाव लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.

ढापण्याने टीमचा शर्ट घडी करून बाकावर ठेवला. मग तो निघून गेला.

कॅप्टनचा फोन वाजला. फोटोवाल्याने शर्यतीच्या आदल्या दिवशीचे फोटो पाठवले होते.

पहिल्याच फोटोत ती गाडीशेजारी गुडघे टेकून हसत होती. 'नुसत्या उभ्या राहू नका, काम करताना दिसा,' असं तो म्हणाला होता. पाना कुठेच दिसत नव्हता. तिच्या हातात पिवळा मार्कर होता, आणि त्याचं टोक स्टिअरिंगच्या रॉडच्या नटावर होतं.