नकाशात झाड नाही

देवराव तीस वर्षं उद्यान विभागात होते. परवानगीशिवाय झाड तोडणाऱ्या कित्येकांना त्यांनी नोटिसा दिल्या होत्या. पण आता मुलाच्या, अंकितच्या, लग्नाआधी अंगणात खोली बांधायची होती आणि नेमका तिथंच कडुनिंब उभा होता.

"काकाजी, नकाशात झाड दाखवलं का परवानगीत वर्ष जाते. आधी तोडा, मंग नकाशा टाका," इंजिनिअर म्हणाला.

मागच्या रविवारी निंब कापला. बुंध्यावर फरशी बसली.

आज जागा पाहायला उद्यान विभागातून हर्षित आला. तो देवरावांच्याच हाताखाली काम शिकला होता. आल्याआल्या पाया पडला, मग फाइल उघडली. टेप त्यानं पिशवीतून काढलीच नाही.

"सर, इथं झाड होतं का? तुम्ही सांगाल तेच लिहितो."

"नव्हतं गा," देवराव फरशीकडे न पाहता म्हणाले. "कधीच नव्हतं."

हर्षितनं झाडांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. देवरावांनी पेन उघडलं, तेवढ्यात फाटक वाजलं. मागच्या गल्लीतल्या यमुताई महिनाभर मुलीकडे राहून सकाळीच परतल्या होत्या. हातातली रिकामी परडी पुढे करत त्या म्हणाल्या,

"भाऊजी, उद्या पाडवा. निंबाचा पाला काढून ठेवलात ना, दरवर्षीसारखा?"