लहानातलं पुरेल

"मेमरी आत्ताच ठरवा, काका," दुकानदार म्हणाला. "आतली चिप कायमची. मागाहून हळहळून ती वाढत नाही."

काचेच्या काउंटरवर चष्म्याच्या डबीएवढे दोन पामटॉप, म्हणजे खिशात मावणारे कॉम्प्युटर, उघडून ठेवले होते. दिसायला जुळे भाऊ. एकात अर्धा मेगाबाइट, दुसऱ्यात दोन. काका, म्हणजे जमीन मोजणी खात्यातले जुने मोजणीदार, दोन्हींच्या कळा एका बोटाने दाबून बघत होते. गुरुवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. जे सांगायचं ते यापुढे लिहूनच सांगायचं, म्हणून ही खरेदी.

बायको शेजारी पर्स पोटाशी धरून उभी होती. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलेलं ती आठवडाभर गिळून बसली होती. ऑपरेशन झालं तरी आठ महिने, फार तर नऊ. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती. घरात ती मुद्दाम पुढच्या वर्षी भिंती रंगवायच्या गोष्टी काढायची, आणि तेही हौसेने रंग निवडत बसायचे.

दुकानदाराची गाडी सुटली होती. "बाजूला ही खाच आहे ना, तिच्यात जादा कार्ड बसतं. पण खरं सांगू? माणूस एकदा लिहायला लागला की त्याला कितीही जागा द्या, कमीच पडते."

"या लहान्यात पानं किती मावतील?" मोजणीदारांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"अडीचशे धरून चाला."

जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, वीतभर इकडची तिकडे होऊ दिली नाही. असा माणूस अंदाजपंचे काही घेईल होय?

"रोज एक पान," ते पुटपुटले. "म्हणजे आठ महिने. लहानातलं द्या. पुरेल."

आठ महिने. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. एकच गोष्ट दोघं एकमेकांपासून लपवत होते, आणि वर भिंतींचे रंग ठरवत होते. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते तिलाही कळलं नाही.

"मोठ्यातलं द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"अगं, एवढं भरणार कोण?"

"तुमचं लिहून झालं की उरलेल्यात मी लिहीन."

दुकानदार खूश होऊन खोका आणायला आत गेला. मोजणीदार तिच्याकडे बघत राहिले. ऑपरेशनला अजून तीन दिवस होते, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.